वडीलधारे शेजारी

आपल्या शाळेच्या गच्चीवर उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें म्हणजे न्हावा-शेवा बंदरांतील उंच उंच याऱ्या आणि त्यांच्या मागें घारापुरीचें बेट दिसतें. पूर्वेकडे पाहिलें म्हणजे भातशेतें आणि त्यांपलीकडे कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत गेलेली डोंगरांची रांग दिसते. पश्चिमेकडील गोष्टी आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत. बंदर १९८९ च्या मे महिन्यांत सुरू झालें. घारापुरीच्या लेण्यांचें नांव १९८७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलें. शिवडीहून न्हावा-शेव्यास येणारा सुमारें बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतु १२ जानेवारी २०२४ रोजीं उघडण्यांत आला. हें सारें तीं एका दमांत सांगतात. परंतु गेल्या जून महिन्यांत आठवी व नववीच्या वर्गांत आम्हीं विचारलें कीं, "पूर्वेच्या त्या डोंगरांच्या पायथ्याशीं कोण राहतें?" तेव्हां वर्ग स्तब्ध झाला. शेवटीं एकानें भीत भीत सांगितलें, "कातकरी, सर. पावसाळ्यांत रानभाजी विकायला येतात ना, ते."

एवढ्या एका वाक्यांत आमच्या वर्गाचें ज्ञान संपलें; आणि खरें सांगावयाचें तर आमचेंहि त्याहून फारसें अधिक नव्हतें. म्हणून आपल्या परिसरांतील ह्या सर्वांत जुन्या रहिवाशांचा वारसा मुलांनीं स्वतः जाऊन शोधावा असें ठरलें. हा शोध कसा झाला, त्यांत आमची चूक कोठें झाली व हातीं काय लागलें, तें विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या माहितीसाठीं येथें लिहीत आहों.

पहिली भेट जूनमध्यें पहिल्या पावसानंतर झाली. चिरनेरच्या बाजूस डोंगराच्या कुशींत एक कातकरवाडी आहे. आम्हीं मुलांच्या हातीं छापील प्रश्नपत्रिका दिल्या होत्या. 'तुम्ही पूर्वीं काय खात होतां?', 'तुमचीं हत्यारें कोणतीं?', 'तुमचे देव कोणते?' अशा प्रश्नांची ती भली मोठी यादी होती. एका झोंपडीच्या ओट्यावर एक म्हातारी टोपली विणीत बसली होती. चार मुलांनीं तिला घेरून एकामागून एक प्रश्न विचारण्यास सुरुवात केली. तिनें कांहीं वेळ ऐकून घेतलें. मग हातांतील बांबूची काडी खालीं ठेवून ती आम्हांस म्हणाली, "मास्तर, आमचं जुनं इचारायला आलांव. या पोरांची आजी काय खायची, तें तरी यांना ठावं हाय का?"

मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. कोणासच सांगतां येईना. म्हातारी हंसली व पुन्हां टोपली विणूं लागली. आम्ही त्या दिवशीं कोऱ्या प्रश्नपत्रिका घेऊन परत आलों. तपासणीस आलेल्या अंमलदारासारखें आपण त्या वाडींत शिरलों, हें वाटेंत आमच्या ध्यानांत आलें. दुसऱ्याच्या घरचा वारसा विचारण्यापूर्वीं आपल्या घरचा ठाऊक असावा लागतो. म्हणून पुढील पंधरा दिवस मुलांनीं आपापल्या आज्या-आजोबांना विचारून वह्या लिहिल्या. कोणाची आजी मिठागरांत राबलेली आगरी, कोणाची होडीचें शीड शिवणारी कोळीण. कोणाचे आजोबा बंदरावर नोकरीसाठीं केरळांतून आलेले. ह्या वह्या लिहितांना मुलांना ऐकण्याची संवय लागली.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट उघडकीस आली. पहिल्या भेटीच्या दिवशीं आठवीचा एक विद्यार्थी गैरहजर होता. आजारपणाचें कारण त्यानें सांगितलें होतें. एके दिवशीं शाळा सुटल्यावर तो एकटा मागें राहिला आणि खालीं मान घालून म्हणाला, "सर, ती आमचीच वाडी आहे." हजेरीपटावरील त्याच्या आडनांवावरून कोणास कांहीं कळलें नसतें, कारण पवार, जाधव, नाईक, वाघमारे हीं आडनांवें कातकऱ्यांतहि आहेत आणि इतरांतहि आहेत. तो लपून कां राहिला, हें विचारण्याची गरज नव्हती. भेटीच्या आदल्या दिवशीं वर्गांत बोलतांना आम्हीं स्वतः 'मागासलेले लोक' असे शब्द वापरले होते. तो दोष सर्वस्वी आमचा. आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशीं वर्गासमोरहि ते शब्द परत घेतले. पुढील भेटींत आमचा वाटाड्या तूं होशील का, असें त्यास विचारलें. तो लगेच 'हो' म्हणाला नाहीं. दोन दिवसांनीं म्हणाला.

आतां हे कातकरी कोण, हें थोडक्यांत पाहूं. रायगड जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पर्यंत ज्याचें नांव कुलाबा होतें त्या जिल्ह्यांत, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी ह्या आदिवासी जमाती राहतात. त्यांपैकीं समुद्रकांठच्या सखल भागाच्या अगदीं जवळ कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत कातकऱ्यांची संख्या सुमारें पावणेतीन लाखांच्या वर भरली. शासनानें ज्या तीन जमातींना राज्यांतील अत्यंत दुर्बल आदिम जमाती म्हणून गणलें आहे, त्यांत कोलाम व माडिया गोंड ह्यांच्याबरोबर कातकरी आहेत. आपण प्रभु रामचंद्राच्या वानरसेनेचे वंशज आहों, अशी त्यांच्यांत जुनी समजूत आहे.

'कातकरी' किंवा 'काथोडी' हें नांवच एका धंद्याचें नांव आहे. आपण पानाबरोबर जो कात खातों, तो खैराच्या झाडापासून होतो. खैराच्या लांकडाचा आंतला तांबडा गाभा काढून त्याचे लहान लहान तुकडे करावयाचे. ते मातीच्या मडक्यांत पाणी घालून उकळावयाचे. तो रस दुसऱ्या भांड्यांत ओतून पुन्हां आटवावयाचा. आणि दाट झाला म्हणजे त्याच्या वड्या पाडून वाळवावयाच्या. ऐकावयास हें सोपें वाटतें, परंतु कोणत्या झाडाचा गाभा पक्व झाला आहे, विस्तव किती ठेवावा, रस केव्हां उतरवावा, हें सर्व नजरेनें व वासानें ओळखावें लागे. खैर तोडण्यापूर्वीं एक झाड निवडून त्यास शेंदूर लावीत, नारळ फोडीत आणि कामास यश मागत, असें जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे.

मग हा धंदा गेला कोठें? ह्याचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारनें मोठमोठीं रानें राखीव केलीं. ज्या खैरावर एका जमातीचें नांव पडलें होतें, तो परवान्यावांचून तोडणें गुन्हा झाला. रान होतें तेथेंच राहिलें, पण त्यावरील हक्क एका शिक्क्यानें गेला. कात पाडणारे हात पुढें लांकडाचा कोळसा पाडूं लागले, तोहि ठेकेदारासाठीं. आणि कोळशाचे दिवस सरल्यावर वीटभट्टीवर विटा पाडूं लागले. मुलांनो, एखाद्या जमातीस गरीब म्हणण्यापूर्वीं ती गरीब कशी झाली, हें विचारावें, तें ह्यासाठीं.

दुसरी भेट सप्टेंबरच्या २५ तारखेस झाली. ह्या दिवसाचें महत्त्व पुष्कळांस ठाऊक असेल. १९३० सालीं ह्याच दिवशीं चिरनेरजवळ अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. जंगल कायदा मोडण्यासाठीं आसपासच्या गांवांतील आगरी, कोळी, कातकरी असे सर्व थरांतील लोक रानांत गेले, आणि पोलिसांच्या गोळीबारांत आठ सत्याग्रही हुतात्मे झाले. दरवर्षीं त्या दिवशीं चिरनेरच्या स्मारकास मानवंदना देण्यांत येते. आमचीं मुलें हुतात्म्यांचीं नांवें मोठ्यानें वाचीत होतीं. 'नाग्या महादू कातकरी' हें नांव येतांच वाचणारी मुलगी थांबली, आणि तिनें वळून आमच्या त्या आठवीच्या विद्यार्थ्याकडे पाहिलें. सर्वांनींच पाहिलें. त्यानें ह्या वेळीं मान खालीं घातली नाहीं. आम्हीं पाठ्यपुस्तकांतून स्वातंत्र्याचा लढा कितीएक वर्षें शिकविला. परंतु आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर एका कातकऱ्यानें त्यासाठीं प्राण दिला, हें वर्गांत एकदांहि सांगितलें नव्हतें.

स्मारकावरून आम्ही वाडीवर गेलों. ह्या खेपेस प्रश्नपत्रिका नव्हत्या. आमचा वाटाड्या पुढें होता व आम्ही मागें. त्या दिवशीं जें ज्ञान मिळालें, त्यांतील दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगतों.

पावसाच्या आरंभीं उरण-पनवेलच्या बाजारांत कातकरी बायका शेवळें घेऊन येतात. ही भाजी नुसती शिजवून खाल्ली तर घसा खवखवतो, कारण तींत सुईसारखे अति सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून तिच्याबरोबर काकडाचीं आंबट फळें घालावयाचीं असतात. शेवळें विकणारी बाई टोपलींत काकडेंहि कां ठेविते, हें आमच्या पुष्कळ मुलांच्या आयांना ठाऊक होतें. परंतु ही जोडी पहिल्यानें कोणीं शोधून काढली असेल, हा विचार कोणाच्या मनांत आला नव्हता. दुसरी गोष्ट कडू कंदाची. हा कंद तसाच खाल्ला तर अपाय होतो. कातकरी बायका त्याच्या पातळ चकत्या करतात, राखेच्या पाण्यांत उकडतात आणि टोपलींत घालून वाहत्या पाण्यांत ठेवतात. राखेंतील क्षार व वाहतें पाणी ह्यांच्या योगानें कंदांतील कडू व विषारी अंश निघून जातो. हें रसायनशास्त्रच आहे. फक्त त्याची प्रयोगशाळा ओढ्यांत आहे, आणि त्याचें पुस्तक आईनें मुलीच्या कानांत सांगितलेलें आहे. (आमच्या विद्यार्थ्यांनीं रानांतील कोणतीहि वस्तु जाणत्या माणसावांचून तोंडांत घालूं नये, ही ताकीद येथें पुन्हां देऊन ठेवितों.)

ओढ्याकांठीं आमच्या वाटाड्यानें दगडाखालून एक खेकडा अलगद उचलला आणि उलटा करून मुलांना दाखविला. पोटाखालची घडी रुंद असली तर मादी, निमुळती असली तर नर. हा पाठ जीवशास्त्राच्या पुस्तकांत आहे, आणि नववीच्या मुलांनीं तो परीक्षेपुरता वाचलाहि होता. पण हातांत खेकडा धरून ओळखणारा त्यांच्यांत एकच निघाला, आणि तो आठवींतला होता. ज्या मुलास आम्ही गणितांत मंद समजत होतों, त्याच्याभोंवतीं त्या दिवशीं सर्व वर्ग गोळा झाला.

तिसरी भेट जानेवारींत झाली. आमची कल्पना अशी कीं, ह्या खेपेस गाणीं लिहून घ्यावीं. परंतु वाडीवर पोहोंचतों तों निम्म्याहून अधिक घरांचीं दारें बंद. कोठें कुलूप, कोठें दारास कांटेरी फांद्या लावलेल्या. दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीच्या मालकाकडून आगाऊ उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाहीं. वेठबिगारीस बंदी करणारा कायदा १९७६ सालीं झाला खरा, पण पोटाची निकड व उचलीचा हिशेब ह्यांच्या कचाट्यांतून सुटणें अजून पुष्कळांस साधलेलें नाहीं. आईबापांबरोबर मुलेंहि जातात आणि त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते. आमचा वाटाडा वाडींत न राहतां वसतिगृहांत राहतो, म्हणून त्याचें शिक्षण चाललें आहे. त्या बंद दारांपुढें उभें असतां एका मुलीनें विचारलें, "सर, गाणीं म्हणणारींच इथें नाहींत, तर गाणीं राहतील कशीं?" आमच्या सर्व प्रश्नपत्रिकांत इतका चांगला प्रश्न नव्हता.

परतल्यावर मुलांनीं जमिनीच्या नोंदींचीहि चौकशी केली. सातबाऱ्याचा उतारा म्हणजे काय, तो कसा वाचावा, हें त्यांना शिकविलें. अनेक कातकरवाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या उभ्या आहेत, ती जमीन दुसऱ्याच्या नांवें असते. रस्ता आला, कारखाना आला, जमिनीचा भाव वाढला, म्हणजे ह्या घरांना धाक पडतो. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. त्या अन्वयें जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्क मागतां येतो. नोव्हेंबर २०२३ मध्यें केंद्र सरकारनें अशा अत्यंत दुर्बल जमातींसाठीं घरें, रस्ते, पाणी ह्यांची निराळी योजना सुरू केली. परंतु जी वाडी खाजगी जमिनीवर आहे, तिच्या पायाखालची माती कोणाची, हा प्रश्न त्यानें आपोआप सुटत नाहीं.

आमच्या मराठी पवित्र शास्त्रांत वारशास 'वतन' असा शब्द आहे. नाबोथाची गोष्ट रविवारच्या शाळेंतील मुलांना ठाऊक आहे. अहाब राजास त्याचा द्राक्षमळा हवा होता. मोबदलाहि तो देऊं करीत होता. परंतु वाडवडिलांचें वतन द्यावयाचें नाहीं, असें नाबोथानें सांगितलें, आणि त्यासाठीं तो प्राणास मुकला. आम्हीं ही गोष्ट वर्गांत सांगितली तेव्हां एका आगरी मुलानें लगेच म्हटलें, "आमच्या आजोबांचीहि शेती गेली." त्यानें बरोबर ओळखलें. १९८४ च्या जानेवारींत ह्याच पट्ट्यांत जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठीं जें आंदोलन झालें, त्यांत गोळीबारानें पांच जण मृत्यु पावले. जमीन जाण्याचें दुःख येथील घराघरांस ठाऊक आहे. परंतु शेतकऱ्याजवळ निदान दाखवावयास कागद होता. ज्याच्याजवळ कागदच नाहीं, त्यानें काय दाखवावें?

कातकऱ्यांविषयीं आजवर पुष्कळांनीं लिहिलें आहे. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८४३ सालीं वारली व काथोडी लोकांवर एक वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढें सरकारी गॅझेटियरें झालीं. १९३४ सालीं वेलिंग ह्यांचा कातकऱ्यांवरील समाजशास्त्रीय ग्रंथ निघाला. ह्या परिश्रमांबद्दल आम्हांस आदर आहे, आणि विल्सनसाहेबांच्या परंपरेंतील एका संस्थेंतच आमचें शिक्षण झालें. परंतु ह्या सर्व लिखाणांत कातकरी हा पाहिला गेलेला मनुष्य आहे. पाहणारा नेहमीं दुसरा. आतां त्या वाडीवरील मुलगा स्वतः लिहावयास शिकला आहे, ही गोष्ट नवी आहे.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाहीं. ऑस्ट्रेलियांत गोरे लोक वसाहत करण्यापूर्वीं तेथील मूळ रहिवासी पन्नास हजारांहून अधिक वर्षें नांदत होते. त्यांची भूमि गेली, पुष्कळ भाषाहि गेल्या. आज तेथील कितीएक शाळांतून सभेच्या आरंभीं, ही भूमि मूळ कोणत्या लोकांच्या राखणीची, त्यांचा आदरपूर्वक उल्लेख करितात. नुसत्या उल्लेखानें गेलेली जमीन परत येत नाहीं, हें खरें. पण ज्याचें नांवहि आपण घेत नाहीं, त्याच्याशीं न्यायानें वागण्याची बुद्धि तरी कोठून होणार?

ज्या विद्यार्थ्यांस पुढील वर्षीं असा शोध करावयाचा असेल, त्यांनीं आमच्या चुकांवरून शिकावें. प्रथम आपल्या घरची वही लिहावी. मग वाडीवर जाऊन तेथील वडील माणसांची परवानगी मागावी. ती न मिळाल्यास निमूटपणें परत यावें. प्रश्न थोडे विचारावे व ऐकावें पुष्कळ. शब्द त्यांच्या तोंडीं जसा असेल तसाच लिहावा. 'शुद्ध' करूं नये. कोणीं, कोठें, कोणत्या दिवशीं सांगितलें, हें त्यांची संमति असल्यास टिपून ठेवावें. टोपली, मासे धरण्याचा सांपळा, कोयता अशा वस्तूंचीं मापें घेऊन चित्रें काढावीं. वस्तु मागून आणूं नये. विचारल्यावांचून छायाचित्र घेऊं नये. देवस्थानाविषयीं जें सांगावयाचें नसेल, तें खोदून विचारूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, जें लिहाल तें वाडीवर परत नेऊन वाचून दाखवावें. जें ज्यांच्याकडून घेतलें, तें त्यांच्यापासून लपवून ठेवणें ही उचलेगिरीच होय.

पालकांसहि एक विनंति आहे. आपल्यांपैकीं कोणाच्या शेतावर, कोणाच्या भट्टीवर, कोणाच्या बांधकामावर हीं माणसें राबत असतील. त्यांची मजुरी पुरी व वेळेवर द्यावी. त्यांचीं मुलें कामास न लावतां जवळच्या शाळेंत बसवावीं. आपल्या दाराशीं शेवळें घेऊन येणाऱ्या बाईशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करण्यापूर्वीं, तिच्या टोपलींत किती पिढ्यांची विद्या आहे, हें आठवावें. तिला आपल्या मुलांसमोर मानानें हांक मारावी. मुलें पुस्तकांतून शिकतात त्याहून अधिक उंबऱ्यावर शिकतात.

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, भट्ट्या बंद होऊन माणसें परत आल्यावर, आमच्या मुलांनीं आपली वही वाडीवर नेली. ओट्यावर बसून आमच्या वाटाड्यानें ती मोठ्यानें वाचली. ती टोपली विणणारी म्हातारी ऐकत होती. दोन ठिकाणीं तिनें त्यास थांबवून शब्द सुधारले, आणि एका भाजीचें नांव आम्हीं गाळलें होतें तें घालावयास लाविलें. वाचन संपल्यावर तिनें वही हातांत घेतली, पानें उलटीं-सुलटीं केलीं, आणि विचारलें, "आनि या पोरांच्या आज्यांचं कुठं लिवलंय?" मुलांनीं लगेच दप्तरांतून आपल्या घरच्या वह्या काढल्या. ह्या खेपेस त्यांच्याजवळ उत्तर होतें.